पहिला पगार आणि चक्रवाढ व्याज



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषयही दिला आहे, 'मुलांचा पहिला पगार'. बँकेत सत्तावीस वर्षे काढली म्हणून हा मान माझ्याकडे आला. आपल्यापैकी अनेकांची मुले आता नोकरीला लागली आहेत, कुणी हिंजवडीत, कुणी बंगळुरूला. त्यांच्याशी आपण करिअरबद्दल बोलतो, लग्नाबद्दल तर जरा जास्तच बोलतो. पैशांबद्दल मात्र 'जपून खर्च कर' यापलीकडे आपली गाडी जात नाही.

त्यासाठी लागणारे गणित आपण शाळेतच शिकलो आहोत. सर, तुमचे चक्रवाढ व्याज! 72 ला व्याजाच्या दराने भागले की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळते. दर 8 टक्के धरला, तर 9 वर्षे. बाविसाव्या वर्षी ठेवलेल्या एक लाखाचे एकतिसाव्या वर्षी दोन, चाळिसाव्या वर्षी चार, एकोणपन्नासाव्या वर्षी आठ आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सोळा लाख होतात. तेच लाख एकतिसाव्या वर्षी ठेवले, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी आठच होतात. उशीर नऊ वर्षांचा, पण हातची रक्कम निम्मी.

मात्र हेच गणित महागाईलाही लागू आहे. ती 6 टक्के धरली तर भाव 12 वर्षांत दुप्पट आणि 36 वर्षांत आठपट होतात. म्हणजे ते सोळा लाख आजच्या दोन लाखांएवढेच! म्हणून पगार नुसता बचत खात्यात पडू देणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. तिथे आकडा वाढतो, पण त्यात येणारा किराणा कमी होत जातो.

मग सुरुवात कुठून करावी? आधी सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवावा. मग आरोग्य विमा घ्यावा. त्यानंतर पीपीएफ. वर्षाला 500 रुपये भरूनही हे खाते चालू राहते आणि 15 वर्षांची मुदत तरुणपणी जड वाटत नाही. पुढची पंधरा-वीस वर्षे लागणार नाहीत एवढेच पैसे दरमहा थोडेथोडे इंडेक्स फंडात घालावेत. तिथे चढउतार असतात. जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांच्या घरात असलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये 8 हजारांच्या आसपास होता आणि पुन्हा 21 हजारांवर यायला नोव्हेंबर 2010 उजाडला. ज्याला मध्येच पैसे काढावे लागले त्याचे नुकसान झाले. ज्याच्याकडे घरखर्चाची सोय होती, त्याला थांबता आले. म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

आणखी एक गोष्ट. 'महिना 5 टक्के हमखास' असे सांगणारा कुणीतरी आपल्या मुलांना भेटणारच, बहुधा ओळखीतलाच. तेव्हा पुन्हा सरांचे सूत्र वापरा. महिना 5 टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला जवळजवळ 80 टक्के. एवढे देणारा कोणता प्रामाणिक धंदा आपल्या गावात आहे, ते सांगा!

शेवटचे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे. काउंटरच्या आत बसून मी शेकडो मुलींची खाती पाहिली. पगार तिचा, पण फॉर्म भरायचे वडील, लग्नानंतर नवरा. तिला फक्त 'इथे सही कर' एवढेच सांगितलेले. पुढे घरात काही बरेवाईट झाले की तीच बाई पासबुके पिशवीत घालून आमच्याकडे यायची. कुठे किती ठेवले आहे, नॉमिनी कोण आहे, तिला काहीच माहीत नसायचे. प्रेमापोटीच तिला यातून बाजूला ठेवलेले असते, पण त्याची किंमत तिलाच मोजावी लागते.

तेव्हा मैत्रिणींनो आणि मित्रांनो, एक विनंती. मुलगा असो वा मुलगी, त्याचा किंवा तिचा फॉर्म तुम्ही भरू नका. शेजारी बसा, विचारतील तेवढे सांगा आणि पेन त्यांच्याच हातात राहू द्या. रक्कम पाचशेची असली तरी चालेल. ती वाढवायला त्यांच्याकडे वेळ आहे, आणि आपल्या वयाला तोच सगळ्यांत महाग आहे.