दोन मीटरची भिंत आणि ओसरी

कर्करोगाच्या उपचारांसाठी उभारल्या जाणाऱ्या इमारतीचा विचार बहुधा यंत्रापासून सुरू होतो आणि यंत्रापाशीच संपतो. कोणते यंत्र येणार, ते किती कोटींचे आणि त्याचे उद्घाटन कोणाच्या हस्ते, एवढे ठरले की उरलेली इमारत म्हणजे त्या यंत्रावर घातलेली खोळ, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. कर्करोग-उपचारगृह ही मुळात थांबण्याची इमारत आहे; तेथे येणाऱ्या माणसाच्या वेळेचा अगदी थोडा भाग उपचारात आणि बाकीचा सारा वाट पाहण्यात जातो, आणि म्हणून अशा इमारतीचा कस तिच्या ओसरीवर लागतो. ‘ओसरी’ हा शब्द कार्यक्रमपत्रिकेत नाही, तेथे ‘आधुनिक रुग्णालयवास्तू’ असा भारदस्त शब्द छापला गेला आहे. त्या फसवणुकीबद्दल आयोजकांनी क्षमा करावी.

मराठवाड्यात वैद्यकीय सोयी इतक्या उशिरा का आल्या, निजामी राजवट, १७ सप्टेंबर १९४८ आणि त्यानंतरचा अनुशेष, हा सारा इतिहास पालमच्या श्रोत्यांना सांगणे म्हणजे गोदाकाठच्या माणसाला गोदावरी दाखवणे होय; तो येथे गृहीत धरला आहे. एवढेच नोंदवायचे की या तालुक्यातील रुग्णासमोर प्रामुख्याने तीन वाटा असतात. पहिली छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची, जे २०१२ मध्ये सुरू झाले आणि येथून दोनशे किलोमीटरांहून दूर आहे. दुसरी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयाची. ठरावीक गावांतील प्रत्येक कर्करुग्णाची पद्धतशीर नोंद ठेवणारी, ग्रामीण भागातील देशातील पहिली नोंदणी १९८७ मध्ये याच बार्शीत सुरू झाली. तिसरी वाट म्हणजे रात्रीच्या गाडीने मुंबई, परळ.

आधी यंत्राला त्याचा मान दिला पाहिजे, नाही तर यंत्राशी वैर असल्याचा आरोप येईल. किरणोपचार म्हणजे अतिशय उच्च ऊर्जेचे किरण नेमके गाठीवर सोडून तिच्या पेशी नष्ट करणे. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लिनियर ॲक्सिलरेटर या यंत्रात इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने धातूच्या पट्टीवर आदळवले जातात आणि त्यातून क्ष-किरण निघतात. हे किरण खोलीबाहेर पडू नयेत म्हणून जी कोठडी बांधतात तिला बंकर म्हणतात. तिच्या भिंतीची जाडी ‘दशमांश थर’ या मापाने ठरते. किरणांचा केवळ दहावा हिस्सा पलीकडे जाऊ देणारी जाडी म्हणजे एक दशमांश थर. सहा मेगाव्होल्टच्या किरणांसाठी काँक्रीटचा असा एक थर साधारण ३५ सेंटीमीटरांचा असतो आणि असे पाचसहा थर एकापुढे एक धरले की, किरण थेट ज्या भिंतीवर पडतात तिची जाडी दोन मीटरांच्या घरात जाते. ते काँक्रीट थांबून थांबून ओतले तर सांधा राहतो आणि सांध्यातून किरण वाट काढू शकतात, म्हणून ओतकाम शक्यतो अखंड करतात. तारांच्या नळ्यासुद्धा भिंतीतून सरळ नेत नाहीत, तिरक्या नेतात. आत जाणारी वाटही वळणाची ठेवतात, कारण किरण प्रत्येक आदळण्याबरोबर क्षीण होत जातात आणि दाराशी पोचेपर्यंत त्यांचा जोर ओसरलेला असतो. आराखड्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी मिळाल्याशिवाय हे बांधकाम सुरू करता येत नाही. ज्यांनी पांढऱ्या मातीची जुनी गढी पाहिली आहे, तिच्या पुरुषभर जाडीच्या भिंती आणि बाहेरच्याची नजर थेट चौकात पडू नये म्हणून वळवलेली देवडी पाहिली आहे, त्यांना बंकर वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. शत्रू मात्र येथे आत कोंडलेला असतो.

आता साधा हिशेब मांडावा. नेहमीच्या किरणोपचारात रुग्णाला आठवड्यातून ५ दिवस, असे पाच ते सात आठवडे यावे लागते आणि प्रत्येक वेळी बंकरमध्ये सुमारे १५ मिनिटे लागतात. ३० फेऱ्यांचे मिळून साडेसात तास होतात. त्यांच्यासाठी सहा आठवडे, म्हणजे १००८ तास, परगावी काढावे लागतात. अलीकडे काही कर्करोगांत प्रत्येक वेळची मात्रा वाढवून फेऱ्या कमी करतात हे मान्य आहे, तरीही प्रमाण फारसे बदलत नाही. साडेसात तासांसाठी दोन मीटरची भिंत काटेकोर गणिताने बांधली जाते आणि हजार तासांसाठी, बहुतेक ठिकाणी, नळकांडी पायांच्या जोडखुर्च्यांची एक रांग टाकली जाते.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने परदेशात उपचार घेत असताना निधन झाले. तसे उपचार भारतातच मिळावेत ही सर दोराबजी टाटा यांची इच्छा, आणि त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ८० खाटांचे रुग्णालय सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. ८० खाटांच्या कल्पनेकडे पुढे सारा देश लोटला, आणि परळच्या पदपथांवर पथारी टाकून राहिलेली कुटुंबे हे मुंबईचे नेहमीचे दृश्य झाले. यात रुग्णालयाला दोष देणे अन्यायाचे होईल, वांद्र्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मृती निवास त्या रुग्णालयानेच परगावच्या रुग्णांसाठी चालवले आहे. तथापि, नाना पालकर स्मृती समितीचे परळचे रुग्णसेवा सदन असो की संत गाडगे महाराजांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा असो, उपचारांचा अर्धा भाग इमारतीबाहेरच्या या इमारतींनी पेलला आहे. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या, देऊळ मात्र बांधले नाही. त्यांच्याकडे स्थापत्याची पदवी नव्हती. सभागृहात यावर पिकलेला हशा रास्त आहे, कारण प्रस्तुत वक्त्याकडे ती पदवी आहे आणि तरीही ओसरीचे महत्त्व कळायला त्याला वीस वर्षे लागली.

ओसरीविषयी दोनच वाक्ये बोलायची असे ठरले होते, परंतु माळवदाच्या घरांच्या प्रदेशात ते शक्य दिसत नाही. ओसरी म्हणजे घराच्या दर्शनी भागातील, एका बाजूने चौकाकडे उघडी आणि वरून झाकलेली बसण्याची जागा. ती ना पुरती आत, ना पुरती बाहेर. तेथे बसलेल्या माणसाला ‘काय काम काढलंत’ असे लगेच कोणी विचारत नाही. पाठीला खांब किंवा भिंत असते, समोर आकाश असते, आणि ढेलजेतून कोण आत आले हे मान न वळवता दिसते. पाण्याचा तांब्या मागावा लागत नाही. माजघरात बाळंतीण असो की आजारी माणूस असो, त्याची वार्ता ओसरीवर दारातून, हळू आवाजात येते. ती ऐकून उठून जाता येते, रडता येते, किंवा काहीच न बोलता सुपारी कातरत बसता येते. रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात यांतले एकही नसते. सगळ्या खुर्च्या एका भिंतीकडे तोंड करून, भिंतीवर क्रमांकांची पाटी आणि नाव पुकारले जाईल या धाकाने लघवीलाही न उठणारी माणसे. पुढच्या रांगेतील एका ज्येष्ठ श्रोत्यांनी ‘आमच्याही घराला आता स्लॅब आहे, ओसरी कुठली’ असे मध्येच सुनावले, ते खरे आहे, आणि त्याचे उत्तर या व्याख्यानात नाही.

हा विचार परका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात रुग्णगृह कसे असावे हे सांगितले आहे: वास्तुविद्येत कुशल माणसाने ते बांधावे, ते मजबूत आणि वाऱ्यापासून आडोशाचे असावे, मात्र एका भागात हवा खेळती असावी, आत सुखाने हिंडता यावे, धूर, ऊन, धूळ, ओल यांची आणि नकोशा आवाजांची, वासांची बाधा होऊ नये, पाणी, स्नानाची जागा, शौचकूप आणि स्वयंपाकघर जवळ असावे. सेवकांबरोबर गाण्यात, गोष्टी सांगण्यात तरबेज माणसेही असावीत. रसायनोपचार, म्हणजे केमोथेरपी, घेणाऱ्या रुग्णाला फोडणीच्या किंवा फिनेलच्या वासानेही मळमळते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वासाचा उल्लेख किती नेमका आहे हे पटेल. हे वर्णन राजे आणि श्रीमंत यांच्या उपचाराच्या संदर्भात आले आहे, ही अडचण लपवण्याचे कारण नाही.

विसाव्या शतकातील युरोपने हेच वेगळ्या मार्गाने शोधले. फिनलंडमधील पाइमिओ येथे १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या क्षयरुग्णालयात आल्वार आल्टो या वास्तुकाराने रुग्ण आडवा असतो ही एकच गोष्ट ध्यानात ठेवून छताचा रंग डोळ्यांना शांत वाटेल असा निवडला आणि शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून आवाज न करणारी हात धुण्याची भांडी घडवली. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. ४६ ही संख्या लहान आहे. तिच्यावर जगभर जेवढे इमले चढवले गेले तेवढे तिने पेलावेत अशी अपेक्षा नसावी. मॅगी केझविक जेन्क्स यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. आयुष्याचे थोडेच महिने उरले आहेत हे कळल्यावर, पुढचे रुग्ण खोळंबले आहेत म्हणून त्यांना खिडकी नसलेल्या बोळकांडीत बसवले गेले. त्यांचे १९९५ मध्ये निधन झाले आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोत त्यांच्या नावाचे पहिले केंद्र उघडले. त्यात यंत्र नाही, खाट नाही. मधोमध स्वयंपाकघराचे मेज आहे, जेथे कोणीही चहा करून घ्यावा. पुढे फ्रँक गेरी, झाहा हदीद अशा नामांकितांनी ही केंद्रे रचली, तरी मेज मधोमधच राहिले.

परभणीच्या ४४ अंशांत ओसरीवर कोण बसणार, ही शंका अपेक्षितच होती. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण उन्हाच्या बाबतीत तरी खोटी नाही. त्याचे उत्तर असे की ओसरी म्हणजे पत्र्याची शेड नव्हे. जाड भिंत, उत्तरेचा उजेड, पश्चिमेला आडोसा आणि उंच छत असले की माळवदाच्या घरात दुपार निघत असे. जंतुसंसर्गाची शंका अधिक गंभीर आहे. उपचारांमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला गर्दीपासून दूरच ठेवले पाहिजे, आणि अस्थिमज्जा-रोपणाच्या खोल्यांना गाळलेली हवा अपरिहार्य आहे. तेवढा भाग बंदच असावा. त्याच्या नावाखाली सारी इमारत काचेत कोंडू नये, इतकेच.

अध्यक्षांकडून दुसरी चिठ्ठी आली आहे, त्यामुळे किरणोत्सारी आयोडीन दिलेल्या रुग्णाचे सांडपाणी टाकीत साठवून, त्याची तीव्रता उतरल्यावरच सोडण्याची रचना येथे गाळावी लागते. मात्र २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत दिवसभराच्या उपचाराची कर्करोग केंद्रे, त्यांपैकी २०० त्याच वर्षी, उभारण्याचे जाहीर केले आहे, आणि ते परभणीच्या कामाचे आहे. अशा केंद्रात सलाइनमधून औषध देतात व संध्याकाळी रुग्णाला घरी पाठवतात. तेथे बंकर नाही, म्हणजे खर्च भिंतीत गेला अशी सबब नाही. खुर्ची उत्तरेच्या खिडकीकडे असावी, खिडकीचा उंबरा बसलेल्या माणसाच्या नजरेखाली यावा, सलाइनची दांडी ओढत जावे लागते म्हणून शौचालय चार पावलांत असावे, आणि सोबत आलेल्या बाईला पालमहून आणलेली भाकरी सोडता येईल असा हातभर रुंद कट्टा बाहेर असावा. त्या कट्ट्याचा आराखडा प्रश्नोत्तरांच्या वेळी फळ्यावर काढून दाखवता येईल, तोवर वीज टिकली तर.