चौकाचा ताळेबंद
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि पाठोपाठ आपली सोसायटी उभी राहिली. तेव्हा दारात सायकली होत्या, आता घरटी दोन गाड्या आहेत. जयस्तंभ चौक मात्र तेवढाच आहे. सिग्नलला आपल्या बाजूची वेळ वाढवून मागायची, नगर परिषदेला अर्ज द्यायचा, असं बरेच जण म्हणतात. माझं म्हणणं, अर्जाआधी हिशेब करू.

हिशेब बँकेच्या काउंटरसारखाच आहे. तासाला रांगेत किती येतात आणि खिडकी किती जणांना मोकळं करते, एवढंच बघायचं. पण मोजणी गर्दीच्या तासाची हवी, दिवसभराची सरासरी कामाची नाही. दिवाळीनंतर धान राइस मिलकडे निघतं, तेव्हाचीही हवी. सगळी वाहनं सारखी धरायची नाहीत. भारतीय रोड काँग्रेसच्या शहरी रस्त्यांसाठीच्या १९९० च्या कोष्टकात कार एक धरली, तर ट्रॅक्टर-ट्रॉली चार ते पाच भरते.

आता खिडकीची क्षमता. ढोबळ सूत्र असं, की हिरवा दिवा अखंड राहिला तर रुंदीच्या दर मीटरमागे तासाला ५२५ कार सुटतात. समजा, चौकात शिरणारी बाजू ७ मीटर आहे, म्हणजे ३,६७५. पण १२० सेकंदांच्या फेरीत आपल्याला हिरवा ४० सेकंदच. म्हणून तिसरा हिस्सा, १,२२५. त्यातले नव्वद टक्केच धरावेत, म्हणजे साधारण १,१००. काठोकाठ भरलं, की एक ऑटो अडला तरी रांग पुढच्या फेरीत जाते आणि वाढतच राहते.

आज तासाला ९०० कारइतकी वाहनं येत असतील, तर चाललंय म्हणू. पण वर्षाला ७ टक्के वाढ धरा. चक्रवाढ व्याज मुदत ठेवीत गोड लागतं, इथे नाही. तिसऱ्या वर्षीच १,१०० भरतात, दहाव्या वर्षी जवळपास दुप्पट.

मग हिरवा वाढवायचा? फेरीचे सेकंद ठरलेले आहेत. आपल्या खात्यात जमा केले, की दुसऱ्याच्या नावे पडतात. शिवाय पायी चालणाऱ्यांचंही खातं आहे. १४ मीटर रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालणारा १२ सेकंदांत ओलांडतो. माझ्या वयाचा माणूस ०.८ मीटरने चालला, तर त्याला साडेसतरा लागतात. हे सेकंद धरलेच नाहीत, तर कागदावर चौक पास होतो आणि आजी दुभाजकावर अडकते.

आता खरी गोष्ट. चौकाच्या तोंडाशी उभ्या गाड्यांनी दीड मीटर अडवलं, तर ७ चे साडेपाच उरतात. क्षमता ९६२ वर येते, तिचे नव्वद टक्के ८६६. म्हणजे ९०० ला चौक आजच नापास! आणि त्या उभ्या गाड्यांत आपल्याही असतात.

म्हणून तरुण मंडळींनी एक आठवडा सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटांचे तक्ते भरावेत. सरळ, डावी, उजवी वेगळी लिहावीत, पायी चालणारे मोजावेत, अडलेली रुंदी टेपने मापावी. आपल्या गाड्या तिथून आधी हलवू. मग आकड्यांसह अर्ज देऊ. पहिली सही मी करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!