रुग्णशय्येवरील भ्रम



आजारांत वा शस्त्रक्रियेनंतर वृद्ध मनुष्य असंबद्ध बोलूं लागला, कीं "त्यांना वात झाला" असें म्हणून घरचीं माणसें हतबल होऊन बसतात. मीही असाच बसलों होतों. माझे ज्येष्ठ बंधू साताऱ्यास पाय घसरून पडले. मांडीचें हाड मोडलें, म्हणून त्यांना सांगलीच्या एका रुग्णालयांत नेलें. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या रात्रीं मात्र "माहुलीला पाणी चढलें, धान्य माडीवर न्या!" असा त्यांनीं आक्रोश मांडला. मला त्यांनीं ओळखलें नाहीं. ते सलाईनची नळी उपसूं लागले, तेव्हां माझ्याच संमतीनें त्यांचे हात खाटेस बांधण्यांत आले. आक्रोश दुणावला.

हें वेड नव्हे. विस्मृतीचा विकार महिनोन्महिने वाढत जातो. हा भ्रम कांहीं तासांत वा दिवसांत उद्भवतो, मध्येंच ओसरतो आणि बहुधा रात्रीं बळावतो. लक्ष न ठरणें ही त्याची मुख्य खूण. वारांचीं नांवें उलट्या क्रमानें सांगावयास लावलें, तर रोगी मध्येंच अडखळतो. कांहीं रोगी आरडाओरड न करतां निपचित पडून राहतात. ते शांत आहेत असें आपण समजतों, आणि त्यांचा भ्रम कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं.

या भ्रमाची भूमि आधींच तयार असते: उतारवय, मंदावलेली स्मृति, अधू दृष्टि, बहिरेपण. तींत बीं पडतें तें जंतुसंसर्गाचें, शरीरांतील पाणी घटण्याचें, तुंबलेल्या लघवीचें, वेदनेचें, झोपेच्या कांहीं औषधांचें, किंवा रोजचें मद्य एकाएकीं तुटल्याचें. हीं कारणें शोधणें हें डॉक्टरांचें काम.

परंतु भ्रम किती तीव्र होतो, याचा संबंध खाटेभोवतालच्या परिस्थितीशींही असतो. कॅनडांतील माँट्रिअल येथील संशोधकांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें, कीं खोली वारंवार बदलणें, जवळ घड्याळ वा चष्मा नसणें, आणि रोग्यास बांधून ठेवणें, या गोष्टी वाढत्या तीव्रतेबरोबर दिसतात. अधिक बरळणाऱ्यासच अधिक बांधतात, हेंही खरें. म्हणून संबंधास लगेच कारण म्हणूं नये. तरी तें वाचतांना माझाच पाढा कोणी वाचीत आहे असें मला वाटलें. बंधूंची खोली दोनदां बदलली होती. चष्मा साताऱ्यास कोनाड्यांतच राहिला होता.

तिसऱ्या दिवशीं वहिनी तो घेऊन आल्या. त्यांनीं हात सोडवून घेतले, आणि घटकेघटकेस त्या सांगत राहिल्या, "अहो, ही सांगली. तुमच्या पायाचें हाड बसविलें आहे. आज गुरुवार." चष्म्यानें भ्रम गेला असें मी म्हणत नाहीं, लघवींतील जंतुसंसर्गावर डॉक्टरांचें औषध चालूं होतेंच. परंतु त्यांच्या डोळ्यांतील भय ओसरलें तें त्या ओळखीच्या आवाजानें.

म्हणून रुग्णालयांत जातांना चष्मा, श्रवणयंत्र आणि घड्याळ बरोबर न्या. चालूं असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांस दाखवा. दिवसा उजेड व रात्रीं निवांत झोप मिळेल असें पाहा. बोलणें वा वागणें एकाएकीं बदललें, तर तत्काळ कळवा. आणि रोगी पूर आला म्हणाला, तर त्याच्याशीं वाद घालूं नका. तो कोठें आहे, तें त्यास शांतपणें सांगा.

त्या रात्रीं मीं बंधूंचे हात हातांत धरावयास हवे होते. मीं ते बांधूं दिले.