विषाचा हिशेब आणि विलंबाचे व्याज

(तरुण वकिलांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



मी कायद्याचा माणूस नव्हे. माझे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले. तरीही आपले निमंत्रण मी स्वीकारले, ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. त्याला सनद मिळून तीन वर्षे झाली. कारखान्याच्या सांडपाण्याने विहिरी नासलेल्या एका गावाचे काम त्याच्याकडे आले आहे. तो मला म्हणाला, "सर, दावा उभा राहील, पण निकाल लागेपर्यंत मी उभा राहीन का?" या प्रश्नाला उत्तर देणे हे आपणा सर्वांचेच काम आहे, असे मी मानतो.

प्रथम या व्यवहाराचे अर्थकारण पाहू. कारखाना विषारी गाळावर प्रक्रिया न करता तो उघड्यावर टाकतो, तेव्हा खर्च वाचत नाही. तो केवळ मालकाच्या वहीतून शेतकऱ्याच्या विहिरीत जातो. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातील बिछडी गावी हेच घडले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथे 'एच ॲसिड' या रसायनाच्या उत्पादनातून सुमारे अडीच हजार टन गाळ निघाला आणि तो झिरपून विहिरींचे पाणी पिण्यास व शेतीस निरुपयोगी झाले. १९८९ साली अर्ज दाखल झाला. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'प्रदूषण करील त्याने भरावे' हे तत्त्व लागू केले. परंतु कंपन्यांनी अर्जांमागून अर्ज करून पंधरा वर्षे काढली. अखेर १८ जुलै २०११ रोजी न्यायालयाने ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये, नोव्हेंबर १९९७ पासून बारा टक्के चक्रवाढ व्याजासह, भरण्याचा आदेश दिला. बारा टक्क्यांनी पैसा सुमारे सहा वर्षांत दुप्पट होतो. व्याज नसते तर प्रत्येक तहकुबी ही मालकाची कमाईच ठरली असती. म्हणून मागणीत व्याजाचे कलम विसरू नका.

दुसरी गोष्ट कायद्याची. ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीत एका खत कारखान्यातून ओलियम वायू सुटला. तीस हजारी न्यायालयातील एका वकिलाचा त्यात मृत्यू झाला. या प्रकरणी २० डिसेंबर १९८६ रोजी न्या. भगवती यांच्या घटनापीठाने निरपवाद दायित्वाचा सिद्धान्त मांडला: घातक उद्योग करणाऱ्यास 'आम्ही काळजी घेतली होती' हा बचाव नाही. तत्त्व थोर आहे. पण ते आपोआप कोणाच्या हाती पैसा देत नाही. भोपाळमध्ये १९८५च्या कायद्याने पीडितांच्या वतीने लढण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. मागणी ३३० कोटी डॉलरची होती, फेब्रुवारी १९८९ मध्ये तडजोड झाली ती ४७ कोटींवर. वाढीव भरपाईची सरकारची याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. ज्यांची फुप्फुसे जळाली, त्यांना तडजोडीच्या वेळी कोणी विचारले नव्हते.

तिसरी अडचण पुराव्याची. याच विषाने याच माणसाला आजार झाला, हे कसे दाखवावे? जपानच्या तोयामा प्रांतात खाणीतील कॅडमियम जिंझू नदीवाटे भातशेतीत उतरले आणि माणसांची हाडे ठिसूळ झाली. तेथील न्यायालयांनी १९७१ व १९७२ साली साथरोगशास्त्राचा, म्हणजे आजार कोठे, किती व कोणात आढळतो याचा, पुरावा ग्राह्य धरला. असा पुरावा न्यायालयात नव्हे, गावात तयार होतो. तेथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते: प्रत्येक विहिरीची व प्रत्येक घरातील आजाराची तारीखवार नोंद. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज, कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांत व फार तर आणखी साठ दिवसांत करावा लागतो. विष मात्र शरीरात दहा-वीस वर्षे मुकाट्याने बसू शकते. नोंदवही उशिरा उघडली, तर दावा दाराशीच अडतो.

आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न. भरपाईच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेण्यास आपल्याकडे वकिलाला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. दुःखाचा सट्टा होता कामा नये. पण त्याचा परिणाम असा, की कंपनीचा वकील प्रत्येक तारखेला कमावतो आणि गावाचा वकील प्रत्येक तारखेला पदरचा प्रवासखर्च घालतो. त्याग करा, असा उपदेश पेन्शन घेणाऱ्याने करणे सोपे आहे; मी तो करणार नाही. एकट्याने असे काम अंगावर घेऊ नका. दोघातिघांनी मिळून घ्या, पोटापुरती इतर वकिली चालू ठेवा. आणि गावाने व संघटनांनी महिन्याची वर्गणी जमवून निदान प्रवास, प्रती आणि पाणीतपासणीचा खर्च उचलावा. निकालापर्यंत वकील टिकविणे हाही लढ्याचाच खर्च आहे.

मी त्याला पिकांच्या व मजुरीच्या नुकसानीची आकडेमोड करून देण्याचे कबूल केले आहे. एवढे तरी माझ्या विद्येने करावे. पुढच्या रविवारी आम्ही त्या गावी जात आहोत. वह्या कोऱ्या आहेत. लिहिणारे हात हवे आहेत.