एका बैलाची शेती

(अमरावती येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावर कापसाचे भाव झाले, गाडगेबाबा झाले, सिंचनाचा अनुशेष तर फिरून फिरून होतोच. यंदा पत्रिकेवर माझा विषय वाचून एका जुन्या स्नेह्यांनी मला दारातच अडवलं. ‘सर, हे पोट्ट्यायचं खूळ कायले काढलं?’ मी म्हटलं, बसा तर खरं. जाताना तुम्ही वावराबद्दल बोलत घरी जाल.

मला दोन नातवंडं. मुलाचा मुलगा इथे अमरावतीत, मुलीची मुलगी अकोल्यात. दोघंही दहा-अकराची. दोघांच्या हाती निन्टेन्डो कंपनीचं ‘स्विच’ नावाचं खेळयंत्र आलं आणि पाठोपाठ दोघांचे फोन आले, ‘आबा, पोकेमॉन स्कार्लेट पाहिजे.’ मी दुकानात गेलो. दुकानदारानं दोन डब्या पुढे ठेवल्या, एक लाल, एक जांभळी. ‘स्कार्लेट की व्हायोलेट?’ मी फरक विचारला. तो म्हणाला, ‘काही नाही काका, एकच गेम आहे. रंग वेगळा.’ तो खोटं बोलला नाही, पण वाक्य अर्धंच बोलला. उरलेलं अर्धं वाक्य मी आज तुमच्यापुढे पुरं करणार आहे.

ज्यांच्या घरात हा खेळ शिरलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. रानावनात हिंडायचं, तऱ्हेतऱ्हेचे काल्पनिक प्राणी गाठायचे, ते चेंडूत पकडायचे, वाढवायचे, दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचे आणि सगळ्या जाती जमवून वही भरायची. आपल्याकडे बहुतेकांना यातला पिवळा पिकाचू कार्टूनमधून ठाऊक आहे. पण कार्टून नंतरचं, खेळ आधीचा. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो जपानात ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी निघाला, आणि एकाच दिवशी दोन रूपांत निघाला : रेड आणि ग्रीन.

तो ज्याच्या डोक्यातून निघाला त्या सातोशी ताजिरीचं बालपण टोकियोच्या पश्चिमेला माचिदा इथे किडे पकडण्यात गेलं. सोबतचे त्याला किड्यांचा डॉक्टर म्हणत. तो मोठा होईतो शहर वाढलं, शेतं आणि तळी बुजली, किडे दिसेनासे झाले. या सभागृहात पन्नाशीच्या पुढचे किती जण आहेत ज्यांनी काडेपेटीत सोनकिडा पाळला, त्याला बाभळीचा पाला घातला? हात वर करायला लाजू नका. ताजिरीच्या खेळातला चेंडू म्हणजे तुमची ती काडेपेटीच आहे. आणि काडेपेटी खिशात असली की पुढचं काय व्हायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे. ‘तुझ्यापाशी हिरवा आहे काय? माझ्यापाशी तांबूस आहे. देतो काय?’

गेम बॉय १९८९ मध्ये आला. दोन यंत्रं जोडायला एक तार मिळे. टेट्रिससारख्या खेळात ती तार एकमेकांना हरवायला वापरत. ताजिरीला त्या तारेतून इकडून तिकडे सरकणारा किडा दिसला. त्याचा आणखी एक किस्सा सांगतात. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ नावाचा खेळ खेळताना त्याला एक दुर्मीळ टोपी हवी होती. त्याला ती काही केल्या मिळेना, आणि त्याचा मित्र, चित्रकार केन सुगिमोरी, याला दोन मिळाल्या. एक देता आली असती तर! पुढे सुगिमोरीनंच पोकेमॉनचे प्राणी रेखाटले.

पण देवाणघेवाणीची सोय करून देवाणघेवाण होत नाही. माझ्या घरात सगळंच असेल तर मी तुमचं दार का वाजवावं? मारिओ या खेळाचा जनक शिगेरू मियामोतो यानं इथे सल्ला दिला की खेळ सरळ दोन रंगांचे करा, म्हणजे पोरांना फरक लगेच कळेल. मग रेडमध्ये अकरा जाती अशा ठेवल्या, ज्या ग्रीनमध्ये सापडत नाहीत. एकान्स हा साप त्यातलाच. ग्रीनमध्ये अकरा अशा, ज्या रेडमध्ये नाहीत. व्हल्पिक्स ही कोल्ही त्यातली. दीडशे जातींची वही कोणाचीच एकट्यानं भरणार नाही, अशी ही रचना.

आता वावरात चला. एका बैलाच्या शेतकऱ्याला वखर चालवता येत नाही, डवरा चालवता येत नाही. शेजाऱ्याकडेही एकच बैल. मग दोघं सावड करतात. तुझा एक, माझा एक, आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. सावड टिकते कशावर? प्रेमावर म्हणाल, तर बांधावरून भांडणारेही सावड करतात. ती टिकते दोघांकडे एकेकच बैल असण्यावर. एकाकडे दोन असते, तर दुसऱ्याला ते भाड्यानं मागावे लागले असते, किंवा उपकार म्हणून घ्यावे लागले असते. सावडीत देणारा आणि मागणारा एकाच उंचीवर उभे असतात. रेड आणि ग्रीनमध्ये अकराला अकरा ठेवले, बाराला दहा नाही, याचं मोल मला इथे कळतं. कोणाच्याही पोराला हात पसरावा लागत नाही. तुझ्याजवळ जे नाही ते माझ्याजवळ आहे, आणि नेमकं तितकंच माझ्याजवळ नाही.

पुढे जोड्या येत गेल्या, काही फार कल्पक. २००२ च्या रुबीत भूमीचा दैत्य, सफायरमध्ये समुद्राचा. २०१० च्या ब्लॅक-व्हाइटमध्ये नकाशावरची एकच जागा एकात काळं शहर, दुसऱ्यात पांढरं अरण्य; म्हणजे एकाच ठिकाणी राजकमल चौक आणि मेळघाट. २०१६ च्या सन-मूनमध्ये घड्याळंच बारा तासांनी उलटी. एकात भर दुपार तेव्हा दुसऱ्यात मध्यरात्र. आणि माझ्या नातवंडांची जोडी नोव्हेंबर २०२२ ची. स्कार्लेटमध्ये प्राचीन काळातले प्राणी, व्हायोलेटमध्ये भविष्यातले. चारकॅडेट नावाचं पोर दोन्हीकडे सारखंच. लाल खेळात चिलखत मिळून ते एक योद्धा होतं, जांभळ्यात दुसरं चिलखत मिळून दुसराच.

तर निवडायचं कसं? पोरं डबीवरचं चित्र बघतात. थोडी मोठी झालेली याद्या काढतात, कोणात तगडे प्राणी जास्त म्हणून. काही चतुर मंडळी थांबत, कारण यलो, क्रिस्टल, एमरल्ड अशी तिसरी आवृत्तीही मागून येत असे. या सगळ्यांचा प्रश्न एकच : दोघांतला चांगला कोणता? माझ्या मते तो प्रश्नच एका बैलाबद्दल विचारण्याजोगा नाही. जुवाच्या दुसऱ्या बाजूला कोण आहे, ते आधी पाहावं. ज्याच्याशी तुमचं जाणं-येणं आहे त्याच्याकडे जो नाही, तो घ्यावा. निवडीचं उत्तर डबीच्या पाठीमागे छापलेलं नसतं. ते अकोल्याला असतं, किंवा पलीकडच्या गल्लीत.

आता माझे ते स्नेही पुटपुटतील की मास्तर, हा तर धंदा आहे, एक माल दोन पुड्यांत बांधून विकायचा. खरं आहे. ज्याच्या खिशाला झेपतं तो दोन्ही घेतो आणि कंपनी हसते. कंपनीनं सावडीचं गणित मांडलं ते पोरांच्या मैत्रीसाठीच, असं मानण्याइतका मी भोळा नाही. पण दोन्ही डब्या घेणाऱ्या पोराकडे बघा. वही भरते त्याची, आणि त्याला कोणाचं दार वाजवावं लागत नाही. २००६ पासून इंटरनेटवरून परक्याशीही अदलाबदल करता येते. सोय मोठी आहे, वहीही भरते. पण त्या परक्याशी घासाघीस होत नाही, रुसवा होत नाही, ‘मागच्या खेपेला तू फसवलं’ असं म्हणायला तो समोर नसतो.

आपल्या वऱ्हाडातली एक पिढी तर याहून वेगळ्या तऱ्हेनं खेळली. गेम बॉय इथे क्वचित कोणाकडे. पोरं सायबर कॅफेत, नंतर मोबाइलवर, नकली यंत्राच्या प्रोग्रॅमवर उतरवलेला खेळ खेळली. माझे आता तिशीत असलेले विद्यार्थी सांगतात, की तार कुठे जोडायची हेच ठाऊक नव्हतं. आणि या खेळात काही प्राणी असे आहेत, जे कितीही वाढवले तरी एका पायरीवर अडतात. हॉन्टर नावाचं एक भूत त्यातलं. ते दुसऱ्याच्या हाती गेलं तरच जेंगार होतं. एक विद्यार्थी म्हणाला, ‘सर, माझा हॉन्टर शेवटपर्यंत हॉन्टरच राहिला.’ जोडीचा खेळ एकट्यानं खेळल्याची इतकी नेमकी तक्रार मी दुसरी ऐकली नाही.

मी लाल डबी अकोल्याला पाठवली, जांभळी इथे ठेवली. नातवानं आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. भाऊबीजेला अकोल्याची मंडळी आली. ओवाळणं झालं, ताटातला दिवा विझायच्या आत दोघं यंत्रं घेऊन जिन्यावर. दोघांकडे एकेक हॉन्टर होता. तिनं तिचा दिला, त्यानं त्याचा. एकाच वेळी दोन्ही पडदे चमकले आणि दोन जेंगार उभे राहिले. ठरलं होतं, की बदलले की लगेच परत द्यायचे. मी दारात उभा होतो. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, कारण आधी कोण म्हणणार? मग तिच्या गाडीची वेळ झाली, बॅगा उचलल्या, आणि ते राहूनच गेलं.

या खेळात दुसऱ्याकडून आलेल्या प्राण्याला त्याच्या पहिल्या मालकानं नाव ठेवलेलं असेल, तर ते बदलता येत नाही. पोरगी आहे गोडखाऊ. म्हणून अमरावतीत, माझ्या घरी, दात विचकून हसणारा एक जांभळा राक्षस आहे आणि त्याचं नाव कुल्फी आहे. परवा नातवाला विचारलं, परत नाही का द्यायचा? तो म्हणाला, ‘तिनं मागितला तर देईन.’ मग थोडं थांबून, ‘पण ती मागत नाही. माझा तिच्याकडे आहे ना.’