रस्ता कुणासाठी?
मलकापूर–बुलढाणा–चिखली–जालना रस्ता महामार्ग झाला. रस्ता सुधारला, पण पायी चालणारीचे काय? डोक्यावर भारा, हाताशी पोर. ती अर्ध्या रस्त्यात अडकते. लोक म्हणतात, बायकांना घाई फार. मी म्हणते, घाई गाड्यांना आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. म्हणूनच माणसे आणि वाहने एकाच रस्त्यावर असतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा हवी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ खाली राज्य शासन वेगमर्यादा कमी करू शकते. वस्तीत ताशी ३०, आणि तसे फलक, ही आपली मागणी. निवेदनावर सह्या करा, अंगठाही चालेल.