देग उतरल्यावर मीठ मागून काय होणार?

(घाटकोपर येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



दरवर्षी १ फेब्रुवारीला आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम होतो. सकाळी अकरा वाजता टीव्ही लागतो, अर्थमंत्र्यांचं भाषण सुरू होतं, आणि दुपारी दोनपर्यंत आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकच ओळ फिरायला लागते: "अल्पसंख्याकांना काय मिळालं? काहीच नाही." मग दोन दिवस चिडचिड आणि तिसऱ्या दिवशी शांतता. मला आज तुमच्याशी त्या शांततेबद्दल बोलायचं आहे. कारण अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला सुरूही होत नाही आणि संपतही नाही.

त्याआधी एक गोंधळ दूर करू. आपल्या वस्तीतलं गटार, पाण्याचा दाब, महापालिकेची शाळा, हे सगळं महापालिकेच्या अंदाजपत्रकात येतं. मुंबई महापालिकेचं २०२५-२६चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. पोलीस, अनुदानित शाळांमधल्या शिक्षकांचे पगार, हे राज्याचं काम. केंद्राच्या अर्थसंकल्पातून आपल्यापर्यंत थेट येणाऱ्या गोष्टी कोणत्या? लोकल गाडी, रेशनवरचं धान्य आणि शिष्यवृत्ती. निदान दिल्लीवर चिडताना आपण या तिन्हींबद्दल चिडावं, गटाराबद्दल नको.

लोकलबद्दल थोडक्यात सांगतो. १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जायचा. कोकणातून निवडून गेलेले मधू दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम आला. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना आठवत असेल. २०१७ पासून रेल्वे मुख्य अर्थसंकल्पातच आली. म्हणून बोरिवली-अंधेरीच्या प्रवाशासाठी काय आहे हे भाषणात शोधून सापडत नाही, ते रेल्वेच्या 'पिंक बुक' नावाच्या कामांच्या यादीत सापडतं. बरं, यादीत नाव आलं म्हणजे काम झालं असंही नाही. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून जास्त माणसं गेली. तिथल्या नव्या पुलाला मंजुरी आधीच मिळालेली होती. पूल मात्र नव्हता. मंजुरी आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात ठेवा. पुढे तेच लागणार आहे.

आता मूळ विषय. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अर्थ मंत्रालयाचा अर्थसंकल्प विभाग सगळ्या मंत्रालयांना एक परिपत्रक पाठवतो. चालू वर्षात किती खर्च झाला, वर्षअखेर किती होईल आणि पुढच्या वर्षी किती हवेत ते कळवा, असा त्याचा मतलब. ऑक्टोबरपासून प्रत्येक मंत्रालयाच्या वित्तीय सल्लागारांबरोबर खर्च सचिवांच्या बैठका होतात. खरी घासाघीस तिथे चालते. कॅमेरा नसतो, घोषणा नसतात, समोर फक्त आकडे असतात. डिसेंबरपर्यंत बहुतेक मंत्रालयांची मर्यादा ठरलेली असते. जानेवारीच्या शेवटी हलवा वाटतात तो फोटो तुम्ही पाहिला असेल. हलव्यानंतर कागदपत्रांचं काम करणारे कर्मचारी भाषण होईपर्यंत घरी जात नाहीत. म्हणजे तोवर देग उतरलेली असते. आपण मीठ मागायला पोहोचतो १ फेब्रुवारीला.

यात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर "गेल्या वर्षी किती खर्च केलेत?" हा प्रश्न. अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालयाचंच उदाहरण घेऊ. हे मंत्रालय जानेवारी २००६ मध्ये सुरू झालं. २०२२-२३ला त्याची तरतूद ५,०२० कोटी रुपयांची होती. त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आला २,६१२ कोटींचा, म्हणजे जवळपास निम्मा. पुढच्या वर्षी तरतूदच ३,०९७ कोटी झाली. आपण सगळे म्हणालो, बघा, कात्री लावली. लावलीच. पण कात्रीचं पहिलं पातं आदल्या वर्षी चाललं होतं, पैसे खर्च झाले नाहीत तेव्हा. त्या वेळी आपल्यापैकी कोणी आवाज केला नाही, कारण आपल्याला ते माहीतच नव्हतं. २०२४-२५ची तरतूद ३,१८३ कोटींची होती, सुधारित अंदाज १,८६८ कोटींचा. आणि २०२५-२६ला कागदावर ३,३५० कोटी होते. भाषणानंतर बातमी येते ती तरतूद वाढल्याची. मार्चअखेर किती गेले, याची बातमी येत नाही. ३१ मार्चला जो पैसा खर्च झालेला नसतो तो परत जातो, आणि पुढच्या ऑक्टोबरच्या बैठकीत तोच तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरतो: दिलेले तरी कुठे वापरलेत?

प्रमाणही बघा. २०२५-२६चा एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटींचा. त्यातल्या शंभर रुपयांतले सुमारे पंचवीस रुपये जुन्या कर्जाच्या व्याजाला जातात. या मंत्रालयाच्या वाट्याला येतात सहा-सात पैसे. तेव्हा "सगळा पैसा यांनाच देतात" असं कोणी कॉलेजच्या कँटीनमध्ये म्हणालं तर भांडू नका, हा भागाकार करून दाखवा.

पैसे खर्च का होत नाहीत? इथे आपलं प्रामाणिक असणं गरजेचं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती बंद केली. कारण दिलं की शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच आहे. मला हे कारण अर्धंच पटतं. फी माफ झाली म्हणून घरखर्च थांबत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला महिन्याला शंभर रुपये मिळायचे, म्हणजे वर्षाला हजार. गोवंडी किंवा मालवणीतल्या आईला विचारा, त्या हजारात काय काय यायचं. या योजनेची तरतूद १,४२५ कोटींवरून ४३३ कोटींवर आली. त्याच वेळी अकरावीपासून पुढच्या शिष्यवृत्तीची तरतूद ५१५ कोटींवरून १,०६५ कोटी झाली, हेही सांगायला हवं. डिसेंबर २०२२ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद झाली. पीएचडी करणाऱ्या आपल्या मुला-मुलींचा तो मोठा आधार होता. ते कळलं कुठून? लोकसभेतल्या एका प्रश्नाच्या उत्तरातून.

याच प्रकरणाची दुसरी बाजू अशी की २०२३ मध्ये मंत्रालयाने १,५७२ संस्थांची तपासणी करवून घेतली. त्यातल्या ८३० संस्था बोगस किंवा बंद निघाल्या. प्रकरण सीबीआयकडे गेलं, नुकसानीचा आकडा १४४ कोटींच्या वर होता. आपल्या मुलांच्या नावाने कुणीतरी पैसे उचलत होतं आणि त्या त्या गावात, मोहल्ल्यात कुणालातरी ते दिसत असणारच. आपण गप्प बसलो की योजना बंद करणाऱ्याच्या हातात आयतं कारण जातं.

आता संसदेत काय होतं ते पाहू. संविधानाचा ११२वा अनुच्छेद सांगतो की वर्षाचं जमाखर्चाचं विवरण संसदेसमोर मांडलं पाहिजे. ११३व्याप्रमाणे प्रत्येक मंत्रालयाचा खर्च 'अनुदानाची मागणी' म्हणून लोकसभेसमोर येतो. शब्द नीट ऐका: मागणी. सरकार मागतं आणि लोकप्रतिनिधी देतात. अशा सुमारे शंभर मागण्या असतात. लोकसभा मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते, कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही, कारण राष्ट्रपतींच्या, म्हणजे प्रत्यक्षात सरकारच्या, शिफारशीशिवाय मागणी येतच नाही. व्याजासारख्या काही खर्चांवर तर नुसती चर्चा होते, मतदान नाही. त्यामुळे १ फेब्रुवारीनंतर खासदाराकडे जाऊन "आमची तरतूद वाढवा" म्हणणं म्हणजे त्याच्याकडे जे नाहीच ते मागणं.

मग त्याच्याकडे काय आहे? कपात सूचना आहे. "या मंत्रालयाची मागणी शंभर रुपयांनी कमी करा" अशी सूचना देऊन तो एखादी तक्रार सभागृहात नोंदवू शकतो. शंभर रुपये नाममात्र असतात, तक्रार खरी असते. सूचना मंजूर होत नाही, कारण ती मंजूर होणं म्हणजे सरकारवर अविश्वास दाखवण्यासारखं आहे. आणि त्याहून कामाच्या आहेत स्थायी समित्या. या १९९३ पासून आहेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत संसदेला सुट्टी असते, तेव्हा या समित्या एकेका मंत्रालयाच्या मागण्या तपासतात, सचिवांना समोर बसवून विचारतात, पैसे का पडून राहिले? आपल्या मंत्रालयाची तपासणी सामाजिक न्याय व सक्षमीकरण समिती करते. तिचे अहवाल खुले असतात. न खर्च झालेल्या शिष्यवृत्तीच्या पैशांवर त्यात खडसावलेलंही आहे. आपल्या सभांमध्ये ते अहवाल कोणी हातात घेतलेले मी पाहिले नाहीत. वर्तमानपत्राचं कात्रण मात्र प्रत्येकाच्या खिशात असतं.

समितीचं काम महत्त्वाचं आणखी एका कारणासाठी. सभागृहात वेळ फक्त मोजक्या मंत्रालयांना मिळतो. ठरलेल्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात, नाव शोभतं. मार्च २०२३ मध्ये तर गोंधळातच सगळ्या मागण्या एकही चर्चा न होता मंजूर झाल्या. एकूण ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प आणि मिनिटं थोडीशी. २०१८मध्येही असंच घडलं होतं. त्यात सत्ताधारी आणि घोषणा देणारे विरोधक, दोघांचीही कमाई सारखीच आहे असं माझं मत. पुढे विनियोजन विधेयक येतं, त्याशिवाय संचित निधीतून एक रुपया काढता येत नाही, आणि मग करांचं वित्त विधेयक. राज्यसभेला चौदा दिवसांत फक्त शिफारस करता येते.

कोणी म्हणेल, सर, आपल्या बोलण्याने काय होणार, आपण किती? यावर मला नेहमी गोपाळ कृष्ण गोखले आठवतात. रत्नागिरी जिल्ह्यातला, गणित शिकवणारा माणूस. मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण केलं. त्या काळी सदस्यांना बोलण्याचा अधिकार होता, मतदानाचा नव्हता. म्हणजे आपल्या खासदारापेक्षाही हात रिकामे. गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवलं की शिल्लक वाढते आहे ती देश सुखी आहे म्हणून नाही, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त वसूल होतंय म्हणून. मिठावरचा कर कमी करा, ही त्यांची एक मागणी. १९०३ मध्ये मिठाचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. आयकराची मर्यादा पाचशेवरून हजार झाली. एकट्या गोखल्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण आकडे समोर असताना सरकारला तोंड फिरवणं अवघड गेलं.

तुमच्याकडे तर मत आहे. २०२४ला मुंबई उत्तर-पश्चिम, म्हणजे अंधेरी-जोगेश्वरीचा मतदारसंघ, ४८ मतांनी ठरला. या सभागृहात आत्ता त्याहून जास्त माणसं बसली आहेत. घाटकोपर, मुलुंड, गोवंडी मिळून उत्तर-पूर्व. तिथल्या खासदाराला प्रश्न विचारायला सांगा. लोकसभेत प्रश्नासाठी साधारण पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि मंत्र्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. प्रश्न भावनेचा नको. मुंबई उपनगर जिल्ह्यात या वर्षी शिष्यवृत्तीचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती जणांच्या खात्यात पैसे पोहोचले, एवढंच.

हे महत्त्वाचं का? केंद्राच्या योजना वित्त आयोगाच्या पाच वर्षांच्या काळाशी बांधलेल्या असतात. पंधराव्या आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६पर्यंतचा, सोळाव्याचा १ एप्रिल २०२६पासूनचा. पुढे चालू राहायची तर योजनेला नव्याने मूल्यमापन आणि मंजुरी लागते. ती नसेल तर तरतुदीचा आकडा कितीही मोठा छापा, एल्फिन्स्टनच्या पुलासारखाच. अशा मंजुरीची फाइल दिल्लीत याच सांध्याच्या काळात फिरते.

तेव्हा काम वाटून घेऊ. ज्यांचे अर्ज नाकारले गेले किंवा अडकले, त्यांची माहिती घाटकोपर, कुर्ला आणि गोवंडीच्या मुली गोळा करतील, अंधेरी-मालवणीचं मुलं बघतील. नाव-नंबर फिरवू नका, फक्त वर्ष, इयत्ता आणि नाकारण्याचं कारण लिहा. स्थायी समितीचा शेवटचा अहवाल मी छापून आणला आहे, चाळीस प्रती आहेत, जाताना घेऊन जा. इंग्रजीत आहे, अडेल तिथे खूण करा, पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करू.